पाच किलोला तीस ग्रॅम

उभ्या जुन्नर तालुक्यात बरोबर वजनाचा माणूस एकच झाला, आणि तो पस्तीस वर्षं माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. हे वाक्य त्यांनी वाचलं असतं तर कानावरची पेन्सिल काढून आधी ‘उभ्या’ खोडलं असतं, मग ‘एकच’ खोडलं असतं, आणि उरलेला कागद माझ्यापुढे सरकवत विचारलं असतं, ‘‘गुर्जी, समदा तालुका तुमी कवा तोलला?’’ आता ते विचारायला नाहीत, म्हणून धीर करून लिहितो आहे.

त्यांचा धंदा वजनकाट्यांचा. विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. त्यामुळे सगळे त्यांना काटेवाले म्हणत. चर्चमधल्या प्रार्थनेत पाळकसाहेबसुद्धा ‘आमचे बंधू काटेवाले’ असंच म्हणायचे. देवाला खरं नाव ठाऊक असणारच, तेव्हा अडचण काही आली नाही. आळ्याचा कांद्याचा व्यापारी, बोरी बुद्रुकची दूध डेअरी, जुन्नरचे सराफ, सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. दिवसभर लोकांचे काटे तोलून तोलून त्यांच्या स्वतःच्या हातातच काटा बसला होता. माझ्या नातवाच्या बारशाला बाळ त्यांच्या हातात दिलं, तर ते डोळे मिटून क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘तीन किलो नव्वद. लंगोट धरून.’’ मग इकडेतिकडे पाहत म्हणाले, ‘‘लंगोट वला हाय.’’ माझ्या बहिणीनं हौसेनं आणलेली चांदीची वाटी त्यांच्या हातात जाऊ नये म्हणून घरातल्या बायकांनी ती घाईघाईनं कपाटात ठेवली.

आठवडे बाजारात ते स्वतःचा छोटा काटा घेऊन जायचे. त्यांना येताना पाहिलं की भाजीवाल्या बायका भीतीनं पावशेरावर चार भेंड्या जास्तीच्या टाकत. काटेवाले त्या चारही भेंड्या उचलून परत पाटीत ठेवायचे. ‘‘जादा झालं. जादा दिलं तरी खोटंच वजन ते.’’ एकदा एका बाईनं कोथिंबिरीची जुडी वर टाकली आणि ‘‘राहू द्या भाऊ, प्रेमानं दिलीय,’’ असं म्हणाली. काटेवाल्यांनी जुडीकडे बराच वेळ पाहिलं आणि ‘‘मावशे, प्रेमाचं मला कळत न्हाई, काट्यात बसत न्हाई ते,’’ असं म्हणून जुडी परत दिली. घरी आल्यावर कोथिंबीर नाही म्हणून बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यांना पुन्हा बाजारात पिटाळलं. या वेळी त्यांनी तीच जुडी विकत आणली.

चर्चमध्ये त्यांचा बाक ठरलेला, उजवीकडून दुसरा. तिथून सगळी माणसं मोजता येत. पाळकसाहेबांनी एकदा नाताळच्या अहवालात ‘शेकडो भाविकांच्या उपस्थितीत’ असं वाचलं, तेव्हा दुसऱ्या बाकावरून शांत आवाज आला, ‘‘त्रेसष्ट. लेकरं धरून.’’ पाळकसाहेब भले माणूस, त्यांनी पुढच्या वर्षापासून अहवाल आधी काटेवाल्यांना दाखवायला सुरुवात केली. सुगीच्या सणाला मंडळी शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये अर्पण करतात. तिथे काटेवाले आपला काटा मांडून बसायचे आणि कुणाचा भोपळा किती भरला ते मोठ्यानं सांगायचे. याची काही आवश्यकता नव्हती, पण त्यांना तीही एक भक्तीच वाटे.

एकाच बाबतीत हा माणूस हात सैल सोडायचा, ती म्हणजे रंग. नाताळच्या आधीच्या आठवड्यात काटेवाले ब्रश घेऊन निघाले की जे हलत नाही त्याला रंग लागायचा. दुकानाचं शटर, खिडक्यांचे गज, चर्चचं फाटक, वहिनींच्या दळणाच्या डब्यांची रांग, अंगणातली सायकल. डब्यात रंग उरला तर तो वाया घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नसल्यामुळे ते माझ्या दाराची कडीही रंगवून टाकायचे. सगळ्यात शेवटी, अगदी मन लावून, ते एका लोखंडी वजनाला रंग द्यायचे. पाच किलोचं, कडी असलेलं, त्यांच्या वडलांचं वजन. वडीलही काटेवालेच. कामाला सरकारी शिक्क्याची पितळी वजनं होती, ती पेटीत असत आणि वेळच्या वेळी पुण्याला तपासून येत. हे लोखंडी वजन मात्र नुसतं जवळ असावं म्हणून खाकी पिशवीत घालून ते सगळीकडे न्यायचे. ते का तपासून आणत नाही, असं मी एकदा विचारलं. ‘‘बापाला परीक्षेला बसवू का?’’ ते म्हणाले, आणि विषय संपला.

आता मुख्य गोष्ट. गावातले एक किराणा दुकानदार वारले. काट्याच्या बाबतीत त्यांची ख्याती जरा वेगळी होती, पण शोकसभेत एकाहून एक भाषणं झाली. ‘सचोटीचा दीपस्तंभ’ हा शब्द तर मीच वापरला होता. निवृत्त मराठी शिक्षक असल्यामुळे गावातली निरोपाची, सत्काराची आणि शोकाची भाषणं माझ्याकडेच येतात. त्या संध्याकाळी काटेवाले माझ्या ओट्यावर येऊन बसले. ‘‘गुर्जी, तुमी आज चार मण खोटं तोललं,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्यात माणूस गेला की चर्चमधी त्याचा जीवनवृत्तांत वाचत्यात. माझा तुमी लिवा. पण आत्ता लिवा, माझ्यासमोर. मी तपासणार.’’

मी सहा पानं लिहिली. अक्षर काढून, परिच्छेद पाडून, माझ्या मते बरी लिहिली. त्यांनी ती दुकानात काट्यावर ठेवली, सत्तावीस ग्रॅम भरली, आणि मग पेन्सिल घेऊन वाचायला बसले. ‘थोर समाजसेवक’ खोडलं. ‘‘एकदा रक्तदान केलं. त्यात बी चक्कर आली, निम्मी पिशवी भरली. तेवढं लिवा.’’ मी ‘अर्ध्या पिशवीचं रक्तदान’ असं लिहिलं. ‘मनमिळाऊ’ खोडलं. ‘‘बाजारात इचारा कुणालाबी.’’ ‘कुशल कारागीर’ यावर बराच वेळ पेन्सिल फिरली, अखेर पुढे ‘काट्यांपुरते’ असा शब्द घालून ते राहू दिलं. असं करत ‘प्रेमळ पती’पाशी आले आणि पेन्सिल थांबली. मला वाटलं हेही जाणार. पण ते खोडेनात आणि ठेवीनातही.

‘‘ह्ये मी ठरवून चालायचं न्हाई,’’ ते हळू म्हणाले. ‘‘इकणाऱ्यानं सोताचा माल सोता तोलू नये.’’ आणि आत हाक मारली. वहिनी कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तो शब्द वाचला, नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘‘पती ऱ्हाऊ द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याच्या आदी जागा मोकळी सोडा. बघते मी.’’

मी जागा सोडली. बोटभर. त्या दिवशी काटेवाल्यांनी दुसरं काही खोडलं नाही. नाहीतर तिसऱ्या पानावरचं ‘मितभाषी’ सुटण्यासारखं नव्हतं.

ती जागा मोकळी का राहिली हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत होतं. वहिनींचं माहेर पेठचं. माहेर म्हणजे एकुलता एक भाऊ, त्याचं हमरस्त्याला किराणा दुकान. दर नाताळला हा भाऊ बहिणीला साडी घेऊन यायचा आणि करंज्यांचा डबा घेऊन जायचा. एका वर्षी काटेवाले पितळी वजनांची पेटी पुण्याला तपासायला ठेवून परत येत होते आणि चहाला म्हणून पेठेला उतरले. मेव्हण्यानं नवा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला होता. काटेवाल्यांना नवा काटा दिसला की हात आवरत नसे. त्यांनी खाकी पिशवीतून बापाचं वजन काढून वर ठेवलं. आकडा आला पाच किलो तीस ग्रॅम. ही गोष्ट कानातही सांगता आली असती. पण काटेवाल्यांना कानातलं बोलणं ठाऊक नव्हतं. भर दुकानात, सात गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, ‘‘पावणं, पाच किलोला तीस ग्रॅमचा काटा मारताय.’’

पेठ काही फार मोठं गाव नाही. संध्याकाळपर्यंत मेव्हण्याचं नाव ‘तीस ग्रॅम’ पडलं. पोरंसोरं दुकानासमोरून जाताना ओरडू लागली, बायका साखर घेताना ‘‘वरचे तीस टाका,’’ म्हणून हसू लागल्या. त्या नाताळला भाऊ आला नाही. पुढच्याही नाही. वहिनींनी भांडण केलं नाही, त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘माझं माहेर तुमी काट्यावर ठेवलं.’’ दर वर्षी त्या भावाचा करंज्यांचा डबा भरून फळीवर ठेवायच्या, जानेवारीच्या मध्यापर्यंत वाट बघायच्या, आणि मग तो डबा आमच्याकडे पाठवून द्यायच्या. अशी बारा वर्षं आम्ही जानेवारीत शिळ्या करंज्या खाल्ल्या. एक-दोनदा मी पेठेला जाऊन समेट करावा असं सुचवलं. ‘‘काटा बरोबर व्हता असं म्हणू का?’’ काटेवाले विचारायचे. ‘‘खोटं बोलू?’’ त्यांना वाईट वाटत होतं हे मात्र खरं. नाताळच्या दिवशी एसटी स्टँडच्या बाजूनं कुणी येताना दिसलं की दुकानाच्या पायरीवर उभे राहून बघायचे. बापाच्या वजनाला रंग द्यायलाही पेठेहून आल्यापासून त्यांचा हात उचलला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी पुन्हा पेटी पुण्याला गेलेली असताना दुकानात कंपनीकडून नवा काटा आला. पितळी वजनं हाताशी नव्हती म्हणून काटेवाल्यांनी बापाचं वजन ठेवलं. पाच किलो तीस ग्रॅम. काटा खराब म्हणून त्यांनी तो परत पाठवला. दुसरा आला, त्यावरही तेच. तिसरा गेला तेव्हा कंपनीचा माणूस स्वतः चौथा काटा आणि शिक्क्याचं वजन घेऊन आला. त्याचं वजन ठेवलं तर काटा बरोबर पाच किलो दाखवत होता. बापाचं ठेवलं की तीस ग्रॅम वर. ‘‘तुमचं वजन खोटं हाय,’’ काटेवाले त्या माणसाला म्हणाले. त्या बिचाऱ्यानं आपल्या वजनावरचा सरकारी शिक्का पुढे केला. मी साक्षीदार म्हणून बसलो होतो, मीही तो वाचला. तेवढ्यात वहिनी चहाचे कप घेऊन आल्या. ‘‘अवो, वर्साला दोन दोन हात रंग चढवत व्हता त्याच्यावर. त्याचं वजन कुठं जाणार?’’

काटेवाल्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि स्क्रू-ड्रायव्हरनं वजन खरवडायला घेतलं. पहिल्यांदा रुपेरी रंग निघाला. त्याखाली काळा, त्याखाली चर्चच्या फाटकाचा हिरवा, मग खिडक्यांचा निळा, मग पुन्हा काळा. एकेका नाताळचा पोपडा निघत होता. तासाभरानं आतलं लोखंड दिसलं. वजन काट्यावर ठेवलं: पाच किलो. पोपडे सराफी काट्यावर ठेवले: एकोणतीस ग्रॅम. काटेवाले गुडघ्यावर बसून फरशी झाडू लागले. उरलेला एक ग्रॅम त्यांच्या धोतराच्या निऱ्यांत सापडला. तो पोपड्यांत मिसळून त्यांनी पुन्हा तोललं आणि मग भिंतीला टेकून बसून राहिले. मी त्यांना पस्तीस वर्षांत असं बसलेलं पाहिलं नव्हतं. ‘‘गुर्जी,’’ ते म्हणाले, ‘‘काटा मी मारला.’’

दुसऱ्याच दिवशी पेठेला जाऊन माफी मागून मोकळं व्हावं, असा तुमचा-आमचा हिशेब. काटेवाल्यांचा वेगळा. ‘‘सात माणसांसमोर बोललो. सातच्या सात पाहिजेत,’’ ते म्हणाले. बारा वर्षांपूर्वी पेठच्या दुकानात साखर-तांदूळ घेणारी सात माणसं हुडकायला आम्हांला तीन महिने लागले. चौघं गावातच होती. एकजण भोसरीला कारखान्यात लागला होता, त्याला फोनवर घ्यायचं ठरलं. एक वारला होता, त्याचा मुलगा बापाच्या जागी यायला तयार झाला. काटेवाल्यांनी त्याला आधी, ‘‘तुझ्या बापानं घरी येऊन सांगितलं व्हतं का?’’ असं विचारून खात्री करून घेतली. सातवी एक म्हातारी, तिला ऐकू येत नव्हतं. ‘‘ऱ्हाऊ द्या तिला,’’ मी म्हणालो. ‘‘तवा तिला ऐकू येत व्हतं,’’ काटेवाले म्हणाले.

बाजाराच्या दिवशी दुपारी आम्ही मेव्हण्याच्या दारात पोचलो. मेव्हणे बाहेर बाकावर बसले होते. माणूस पार थकलेला. काटेवाल्यांनी सहा जणांना रांगेत उभं केलं, खरवडलेलं वजन बाकावर ठेवलं, भोसरीवाल्यासाठी फोन वर धरला आणि मोठ्यानं म्हणाले, ‘‘ह्यांचा काटा बरोबर व्हता. माझं वजन खोटं व्हतं. बारा वर्सांमागं मी चुकलो.’’ म्हातारी म्हणाली, ‘‘काय म्हंतोय ह्यो?’’ त्यांनी पुन्हा सांगितलं. तिला पुन्हा ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा ते ओरडून बोलले तेव्हा बाजारातली माणसंसुद्धा थांबून बघायला लागली, आणि फोनमधून भोसरीचा माणूस म्हणाला, ‘‘काका, मला पहिल्यांदाच कळलं व्हतं.’’

मेव्हण्यांनी वजनावरून हात फिरवला. ‘‘दाजी, दुकान मोडून सहा वर्सं झाली,’’ ते म्हणाले. आत पाहिलं तर खरोखरच मोबाइलची कव्हरं टांगलेली, मुलगा कुणाच्या तरी फोनला काच बसवत होता. ‘‘आता काटा बरोबर असून मी काय तोलू?’’ काटेवाल्यांनी वजन उचलून परत पिशवीत घातलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग मेव्हणेच आत वळून म्हणाले, ‘‘चहा टाका. धा कप. दाजीला बिनसाखरेचा.’’ बारा वर्षांनी त्यांना ते आठवत होतं.

त्या नाताळला भाऊ साडी घेऊन आला. वहिनींनी दार उघडलं, साडी हातात घेतली आणि तिथेच उंबऱ्यात बसून रडल्या. करंज्यांचा डबा दुसऱ्या दिवशी ताजाच पेठेला गेला. आम्हांला तेव्हापासून करंज्या आलेल्या नाहीत.

काटेवाल्यांनी जीवनवृत्तांत मागवून घेतला. त्यात एक वाक्य त्यांनी स्वतः घातलं: ‘मेव्हण्यांच्या बाबतीत एक चूक, तीस ग्रॅमची, बारा वर्षं.’ मग पान उलटून त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. स्वतः विचारायचा धीर नव्हता, म्हणून मला आत पाठवलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. ‘‘बघते म्हनावं,’’ त्या मान वर न करता म्हणाल्या. पुढची दोन वर्षं हेच चाललं. दर दोन-तीन महिन्यांनी काटेवाले कागद मागवणार, आणखी एखादा शब्द खोडणार, आणि मला आत पाठवणार. मी बाहेर येऊन नाही अशी मान हलवली की ‘‘बरं, बरं,’’ म्हणत चष्मा पुसणार. सहा पानांचं आता पाऊण पान उरलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत दुपारच्या जेवणानंतर काटेवाले दुकानातल्या खुर्चीतच गेले. कुणाचा तरी काटा मांडीवर उघडलेला होता.

चर्च भरलं होतं. मी सवयीनं मोजलं, दोनशे अकरा. शेकडो म्हणायला आता हरकत नव्हती. पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. एक शब्द वाढवायचा नाही, असं मी काटेवाल्यांना वचन दिलं होतं, आणि आयुष्यात एवढं अवघड काही वाचलं नाही. जन्म जुन्नरचा. वडलांकडून धंदा शिकले. काट्यांपुरते कुशल कारागीर. अर्ध्या पिशवीचं रक्तदान. मेव्हण्यांच्या बाबतीतली चूक वाचली तेव्हा दुसऱ्या बाकावर मेव्हणे खाली मान घालून बसले होते. मग ती जागा आली. तिथे काय करायचं हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. मी थांबलो. मागची माणसं माना उंच करून बघायला लागली. मला ‘प्रेमळ’ म्हणायचं होतं, अगदी ओठावर आलं होतं, पण तोलायचा अधिकार माझा नव्हता.

पहिल्या बाकावरून वहिनी उठल्या. पदर नीट केला आणि शवपेटीकडे बघत, आमच्या कुणाकडेही न बघता, म्हणाल्या, ‘‘प्रेमळ व्हते.’’ मग खाली बसता बसता, ‘‘तीस ग्रॅम जादाच.’’

वरचे तीस ग्रॅम काढून परत करायला या वेळी काटेवाले जाग्यावर नव्हते.

बापाचं वजन वहिनींनी मला दिलं. माझ्या टेबलावर कागदांवर असतं, आत्ता या कागदांवरही तेच आहे. खरवडल्यापासून त्याला रंग नाही, पावसाळ्यात कडीजवळ गंज धरला. नाताळ जवळ आला की मला वाटतं, एक हात मारावा. डबा आणून ठेवलाय, ब्रशही आहे. अजून उघडलेला नाही.